उशीर नेमका कुठे होतोय

१० फेब्रुवारी

आजही तेच. जादासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे, पण थोडं जादा ठेवू." आमच्या विभागाचे मुख्य ते. हे नाव त्यांना कोणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला बढती द्यायला हवी!

मुद्दा केवढासा! कानाच्या मशीनची चिप. व्होल्टेज उतरवलं की बॅटरी वाचते, पण सर्किट मंद होतं. फारच मंद झालं की आकडेमोड घड्याळाच्या पुढच्या ठोक्याआत पुरी होत नाही आणि माणसाच्या कानात नुसती खरखर. म्हणून चिपमध्येच एक मॉनिटर असतो. तो हा डिले, म्हणजे उशीर, मोजत राहतो आणि सांगतो — अजून उतरव, किंवा बस्स, आता पुरे. आमचा मॉनिटर बसलाय चिपच्या कोपऱ्यात, थंडगार जागी, आपल्याच नादात गोल गोल फिरत. खऱ्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याच्यावर कोणाचा विश्वास नाही, म्हणून वरून थोडं जादा व्होल्टेज. आणि ते जादाच बॅटरी खातं.

मी म्हटलं, मोजणं सुधारू, मग जादाची गरजच नाही. ते म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे नाही. पण मीही काही इतक्यात उठणारी नाही.

११ फेब्रुवारी

घरी आले तर बाबा खिडकीशी. विचारलं, चहा झाला का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. तेव्हा वळून म्हणाले, "गाडी चढणीला आहे, जरा दम धर."

मशीन डबीत! रोज दुपारीच काढून ठेवतात. म्हणतात, संध्याकाळी दादाचा फोन असतो, तेवढ्यासाठी बॅटरी राखायची. दादा लांब असतो, दिवसातून एक फोन, तोही ऐकू आला नाही तर काय!

बाबा आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. उत्तर कसं, तोंडात तयार! कोणी ओरडला, पुढे सरका म्हणता, पुढे जागा आहे कुठे? तर हे म्हणणार — मागे तरी कुठे आहे, निदान पुढे गेल्याचं समाधान मिळेल. सगळी बस हसायची. लहानपणी मी त्यांच्याशी वाद घालायची आणि दर वेळी हरायची, म्हणून तर वाद घालायला शिकले. आता विचारलं की मधे एक पोकळी येते. मला ती सहन होत नाही. मला माझे तोंडावर उत्तर फेकणारे बाबा परत हवेत. दिवसभर पुरेल अशी बॅटरी हवी, बास. ऑफिसात हे कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

१४ फेब्रुवारी

"बघू"वरून गाडी "करून बघ"वर आली! टेस्ट चिपमध्ये जागा मिळाली. अट — वर्ष संपायच्या आत मोजमाप पटलं तर बाजारात जाणाऱ्या चिपमध्ये माझा मॉनिटर. नाही पटलं तर जुनाच कोपरा आणि जुनंच जादा.

२ मार्च

बाबांनी विचारलं, तू नेमकं करतेस काय? बसच्या भाषेत सांगितलं. ड्रायव्हरला म्हणायचं, जितकी हळू चालवता येईल तितकी चालव, डिझेल वाचव, पण पुढच्या स्टॉपवर घंटेच्या आत पोच. आणि मी बसलेय ती किती वेळ लागतोय ते मोजायला.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे चेकरच की."

तेव्हापासून मी चेकर. कंडक्टरच्या घरात याहून मोठी शिवी नाही!

९ मार्च

युक्ती साधी आहे. चिपमधला सगळ्यात मंद मार्ग शोधायचा, त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि ती कोपऱ्यात नाही, खऱ्या मार्गाला खेटून बसवायची. ऊन दोघांना सारखं, वारा दोघांना सारखा. नक्कल उशीर करेल तेवढाच खरा करेल. मोजायचं नकलेला. खऱ्याच्या वाटेला जायचंच नाही, तो दमलेला असतो, त्याला कशाला त्रास!

शेजारीण (शेजारच्या टेबलावर बसते, चिपचा नकाशा तीच आखते, कुठला ट्रान्झिस्टर कुठे राहणार ते तिच्या हातात) म्हणाली, हाच सगळ्यात मंद कशावरून? मी रिपोर्ट तिच्या नाकासमोर धरला. पहिल्या ओळीत, ठळक. ती म्हणाली बरं, आणि नकलेला जागा करून दिली.

१८ मार्च

चिप गेली कारखान्यात. हुश्श! आता येईपर्यंत बोटं मोडत बसायचं.

६ मे

सकाळी बाबांना विचारलं, दादाला सुट्टी कधी आहे म्हणाला? पुन्हा तीच पोकळी. मशीन कानात होतं, रात्रभर डबीत चार्जिंगला होतं. म्हणजे डबीचं झाकण नीट लागत नसणार, आत टेकतच नसणार. नवी डबी आणली. बाबा म्हणाले, जुनी बरी होती. म्हातारपणी माणसाला सगळं जुनंच बरं वाटतं.

२१ मे

बाबांनी जेवताना एकच गोष्ट दोनदा विचारली. पहिलं उत्तर ऐकू गेलं नसणार. मी जवळ सरकून, ओठ दिसतील असं बोलायला लागलेय. दादालाही सांगितलंय, फोनवर सावकाश बोल, बॅटरी उतरली की आवाज तुटतो.

९ जुलै

आल्या! एवढ्याशा चिपा, नखावर मावतील. बोर्डावर चढवल्या, पूर्ण व्होल्टेज दिलं. नक्कल आणि खरं, पावलाला पाऊल! जादासाहेब स्वतः उठून बघायला आले. म्हणाले, छान. "थोडं जादा" म्हणाले नाहीत, हे मी कान देऊन ऐकलं.

११ जुलै

तोंडावर आपटले.

व्होल्टेज उतरवत नेलं. मॉनिटर सांगतोय, सगळं आलबेल, अजून उतरव. उतरवलं. अजून उतरव. उतरवलं. आणि हेडफोनमध्ये अशी खरखर, जशी कोणी पत्र्यावर वाळू ओतावी. मॉनिटर तरीही म्हणतोय आलबेल! सगळे बघत होते. जादासाहेबांनी चष्मा पुसला आणि निघून गेले. बोलले असते तर परवडलं असतं. मीच जाहीर प्रयोग लावला होता, हात दाखवून अवलक्षण.

१२ जुलै

दिवसभर बोर्डावर संशय घेतला. मग वायरवर. मग वीजपुरवठ्यावर. मग शेजारणीवर — तिने नक्कल नीट खेटून बसवली नसेल. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बरोबर बोलली. पण मी आज तिच्याशी बोलले नाही.

१६ जुलै

सापडलं! घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं!

पूर्ण व्होल्टेजवर सगळ्यात मंद मार्ग तो, ज्याच्या तारा लांबलचक. त्याचीच मी नक्कल केली. पण व्होल्टेज उतरलं की तारा होत्या तशाच राहतात, मंदावतात ते ट्रान्झिस्टर. आणि एका भलत्याच मार्गावर आम्हीच वीज वाचवायला आळशी जातीचे ट्रान्झिस्टर भरलेत. भरभक्कम व्होल्टेज असताना तो रांगेत कुठे मधेच असतो, कोणाच्या नजरेत येत नाही. खाली आलं की तो सगळ्यांच्या मागे! मी ज्याच्यावर डोळा ठेवून बसले होते तो बिचारा वेळेत पोचत होता. खरखर दुसऱ्याच घरातून येत होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

शेजारणीला सांगितलं, माफी पण मागितली. तिने बिस्किटाचा पुडा पुढे केला. म्हणाली, "मोजायला जे सोपं होतं, ते मोजलंस. सगळेच तसं करतात."

१७ जुलै

नक्कल बंद! आता खऱ्यांच्याच दारात पहारेकरी बसवायचे. एक नाही, जे जे मार्ग कधीतरी मागे पडू शकतील त्या सगळ्यांच्या शेवटी एकेक. प्रत्येक ठोक्याला त्याने फक्त बघायचं — सिग्नल निवांत आला, की धापा टाकत दार लागता लागता आला? धापा टाकत आला की ओरडायचं, व्होल्टेज वाढवा. चूक व्हायच्या आधी ओरडायचं.

नवी चिप बनवायला वेळ नाही, पण आहे त्याच चिपच्या वरच्या तारांचे थर बदलता येतात. शेजारणीने ठिकठिकाणी रिकामे ट्रान्झिस्टर ठेवलेले असतात, वेळप्रसंगाला. तेच वापरायचे. उद्या जादासाहेबांकडे.

१८ जुलै

वाटलं होतं हाकलतील. बसवलं, पाणी दिलं. सगळं सांगितलं. मी जरा चिडूनच म्हटलं, जादा ठेवायचं म्हणजे न मोजता घाबरायचं. म्हटलं आणि जीभ चावली.

ते शांतपणे म्हणाले, "भीती नाही. आपल्याला जे माहीत नाही, त्याच्यासाठी सोडलेली जागा आहे ती. तुला माहीत झालं की काढून घे, मी अडवणार नाही. पण माहीत झाल्याशिवाय काढू नकोस."

तरुणपणी त्यांची एक अख्खी चिप बाजारातून परत आली होती, असं शेजारीण सांगते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण वरच्या थरांना परवानगी दिली. एकदाच, म्हणाले. चुकलं तर जुना कोपरा.

२९ जुलै

कामात डोकं बुडालंय. पहारेकरी किती आणि कुठे, यावर शेजारणीशी रोज एक भांडण आणि रोज एक चहा.

१४ ऑगस्ट

दुरुस्ती गेली. आता माझ्या हातात काही नाही.

घरी बाबा पत्ते मांडून बसले होते, एकटेच. मी समोर बसले. त्यांची पाळी आली की थांबत होते. मशीन डबीत. मी त्यांना हातानेच खूण केली, खेळा. त्यांनी पत्ता टाकला. चुकीचा टाकला, मी काही बोलले नाही. थोडेच दिवस आता. ही चिप चालली की मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत कानात राहील, मग हरवा म्हणावं मला.

७ ऑक्टोबर

आल्या. उद्या. आज हात लावायचा नाही, असं शेजारणीने बजावलंय. म्हणते, उतावळेपणात चिप पाडशील.

८ ऑक्टोबर

चालतंय!!

उतरवत नेलं. जिथे मागच्या वेळी खरखर सुरू झाली होती तिथे आळशी मार्गाच्या दारातला पहारेकरी ओरडला. व्होल्टेज तिथेच थांबलं. आवाज स्वच्छ! मुद्दाम चिप तापवली, मुद्दाम गार केली, पुरवठा हलवला. दर वेळी वेगळा पहारेकरी ओरडला, पण वेळेत ओरडला. शेजारीण हेडफोन लावून डोळे मिटून बसली होती. म्हणाली, काही ऐकूच येत नाही गं खरखर. आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

३० ऑक्टोबर

आठवडेच्या आठवडे चालवून झाली. एकदाही चुकली नाही. जादासाहेबांनी सगळे आलेख बघितले, पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग पेन घेतलं आणि "जादा" लिहिलं होतं त्या रकान्यावर काट मारली. स्वतःच्या हाताने! थोडीशी चिमूटभर ठेवलीच म्हणा. ती मला मान्य आहे.

जिंकले. हे वाक्य मी किती महिने लिहायचं म्हणतेय!

१२ नोव्हेंबर

चाचणीसाठी मशीनं बनलीत, नव्या चिपची. घरच्या माणसांना द्यायला परवानगी आहे. मी पहिला हात वर केला. जादासाहेबांनी विचारलं, कोणासाठी? सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सांगितलं. ते नुसते म्हणाले, अगं मग आधी बोलायचं नाही का.

१३ नोव्हेंबर

बाबांच्या कानात बसवलं. म्हटलं, आता हे रात्री झोपतानाच काढायचं, बॅटरीची काळजी सोडा, उरेल इतकी आहे. ते बघत राहिले माझ्याकडे. मग हसले. म्हणाले, पोरगी जिद्दीची निघाली.

बाबा दादाशी फोनवर बोलले. त्याच्या मागे कुत्रा भुंकला तोही ऐकला! दादा म्हणाला, अरे वा, बाबा एकदम तरुण. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले थोडं. आनंदाने.

१७ नोव्हेंबर

दुपारी विचारलं, बाहेर जाऊन येऊ या का? पोकळी. मशीन कानात, बॅटरी अर्ध्याहून जास्त. पुन्हा विचारलं. म्हणाले, गाडी चढणीला आहे.

मशीनमध्ये काहीतरी आहे. पहारेकरी ओरडून व्होल्टेज वाढायला वेळ लागत असेल, तेवढ्यात शब्द गळत असेल. चाचणीचं मशीन कानात काय पोचवलं त्याच्या नोंदी ठेवतं, त्या उद्या उतरवून घेते.

१९ नोव्हेंबर

दिवसभराच्या नोंदी तपासल्या. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न, जसाच्या तसा कानात पोचलाय. एक अक्षर गळलेलं नाही. पुन्हा तपासल्या. शेजारणीकडून तपासून घेतल्या. ती म्हणाली, चोख आहे. मी म्हटलं, नाही, असणं शक्य नाही. तिने नोंदी परत माझ्या टेबलावर ठेवल्या.

मग कानच अजून उतरला असेल. कानवाल्या बाईंची वेळ घेतली.

२२ नोव्हेंबर

कानवाल्या बाई बाबांना वर्षानुवर्षं ओळखतात. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. बारीक बारीक आवाज — ऐकू आला की दाबायचं. मी बाहेर, बाईंच्या शेजारून बघत होते. आवाज, बटण. आवाज, बटण. मधे वेळच नाही! मग बाई शब्द बोलल्या, बाबांनी ते परत म्हटले, पटापट. माझा जीव भांड्यात पडला. मी बाईंकडे बघून हसलेसुद्धा.

मग बाईंनी सहज विचारलं, काका, इथे आलात कसे आज? बसने की चालत?

बसने. बाबांनी तिकीट काढताना कंडक्टरची थट्टा केली होती. तासाभरापूर्वी.

बाबा थांबले. काचेतून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवणार होते, मदत करणार होते, तेवढ्यात बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही थांबलो. बाबा म्हणाले, "आलो. ही घेऊन आली."

बाई नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "ऐकू त्यांना छान येतंय. मला वाटतं, आधीही येत होतं." दुसऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं. मेंदूचे. लवकर जा म्हणाल्या.

मी महिनोन्‌महिने मशीन मोजत होते. डबी बदलली, चिप बदलली. परत येताना बसमध्ये बाबांचा हात धरून बसले. जुलैमध्ये कळलेली गोष्ट मला घरी येऊन कळली नाही. जे सोपं होतं ते मोजत बसले. डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतलीय. रडायला नंतर बघू, आधी सोमवार.

२३ नोव्हेंबर

दुपारी मशीन पुन्हा डबीत. बॅटरी जवळजवळ भरलेली. बाबांच्या शेजारी बसले आणि विचारलं, बाबा, का काढलंत? दुसऱ्यांदा विचारलं नाही. थांबले. खिडकीखालून बस गेली. मग दुसरी गेली.

मग म्हणाले, "बॅटरी संपायची तेव्हा बरं होतं गं, चेकर. लोक म्हणायचे, ऐकू आलं नसेल."